वरणभात कमी कसा ठरला?

‘शाकाहारी आहात, मग प्रोटीनचे काय?’ हा प्रश्न जिमच्या ट्रेनरने काढलेला नाही. तो शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याचे मूळ बरेचसे उंदरांच्या पिंजऱ्यात सापडते.

१९१० च्या दशकात अमेरिकेत ऑस्बर्न आणि मेंडेल या दोघांनी उंदरांच्या पिल्लांना एकेक शुद्ध प्रथिन खाऊ घालून त्यांची वजने टिपली. दुधातल्या केसीनवर पिल्ले वाढली, मक्यातल्या झाइनवर खंगली. पुढे उंदराचे वजन हीच प्रथिनांचा दर्जा ठरवायची मोजपट्टी झाली. तिच्यात एक गोम होती. उंदराच्या अंगभर केस. त्यासाठी मेथिओनिनसारखी गंधकयुक्त अमिनो आम्ले (प्रथिने ज्यांची बनतात ते घटक) त्याला माणसापेक्षा जास्त लागतात. डाळीत नेमकी तीच कमी. सबब डाळ नापास! माणसाच्या गरजेवर बेतलेली पद्धत आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी अधिकृतपणे सुचवली ती १९९१ साली.

शिवाय डाळ कुणी नुसती खात नाही. गहू, तांदूळ, ज्वारीत लायसिन हे दुसरे अमिनो आम्ल कमी पडते, ते डाळीत भरपूर असते. डाळीतली मेथिओनिनची उणीव धान्य भरून काढते. आमटी-भाकरी जेवणाऱ्यांना हे रसायन ठाऊक असायची गरज कधी पडली नाही.

इंग्रजी अमदानीत या प्रश्नाला जातकुळीचाही रंग चढला. आहारशास्त्राचे ब्रिटिश संशोधक मॅककॅरिसन यांनी निलगिरीतल्या कुन्नूरला शीख, पठाण, मराठा, बंगाली, मद्रासी अशा आहारांवर उंदीर पोसले. शीख आहार अव्वल ठरला, मद्रासी तळाला गेला. त्या शीख ताटात मांस अधूनमधूनच होते, रोजचे होते ते गव्हाच्या पोळ्या, दूध, लोणी, डाळ आणि भाज्या. लोकांच्या लक्षात मात्र मांस राहिले.

स्वातंत्र्यानंतर ‘प्रोटीन गॅप’चा, म्हणजे लोकांना प्रथिने कमी पडतात असा, गजर सुरू झाला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ आणि हरभऱ्याचे पीठ मिसळून पौष्टिक भुकटी केली. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने तर ‘येऊ घातलेल्या प्रथिन-संकटा’चा इशारा दिला.

या गजरात एक मराठी माणूस आडवा आला. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ, रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे संचालक. १९७० मध्ये भारतातल्या आहार-पाहण्यांचे आकडे तपासून त्यांनी म्हटले की, ज्याला पोटभर मिळते त्याला धान्य-डाळीतून प्रथिनेही बहुधा पुरतात. उणीव दिसते ती अर्धपोटी माणसात. सरपण संपले की खाट फोडून चुलीत घालावी, तसे उपाशी शरीर प्रथिने जाळते. हैदराबादला पोषणतज्ज्ञ गोपालन यांच्या गटानेही हेच पाहिले. मुलांना रोज सुमारे ३०० उष्मांकांचा, जेमतेम ३ ग्रॅम प्रथिनांचा जादा खाऊ दिला, आणि त्यांची वाढ सुधारली. म्हणजे दुखणे गरिबीचे होते, आणि औषध मात्र भुकटीच्या डब्यात शोधले जात होते. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, ही सुखात्म्यांची नंतरची मांडणी वादग्रस्त ठरली, आणि माझ्या मते तिच्यावरची टीका रास्त होती. तिने गरिबाचे अर्धे पोट खपवून घेण्याची सोय केली असती. पण १९७० चा मुद्दा टिकला.

पंचाईत वेगळीच झाली. ज्या डाळीवर हा हिशेब उभा होता, तीच ताटातून आटली. हरितक्रांतीत पाणी, खत आणि हमखास खरेदी गहू-तांदळाला मिळाली. डाळी कोरडवाहू रानात ढकलल्या गेल्या. देशात दरडोई दररोज उपलब्ध असलेली डाळ १९६१ मध्ये ६९ ग्रॅम होती, २००१ मध्ये ती ३० वर आली.

आजच्या भारतीय शिफारशीप्रमाणे रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नासेक ग्रॅम. तूरडाळीत शंभर ग्रॅमला बावीसच्या आसपास असतात. पण पातळ वरणाच्या वाटीत कोरडी डाळ पंधरा-वीस ग्रॅमच असते. बाकी पाणी आणि फोडणी.