टेस्टोस्टेरॉन आणि प्रोस्टेटचा कॅन्सर : जुन्या भीतीचा पाया

पुण्यातल्या हेल्थ चेकअप पॅकेजांमध्ये हल्ली टेस्टोस्टेरॉनही तपासतात. आकडा कमी आला की जेल किंवा इंजेक्शनचा विषय निघतो आणि पाठोपाठ घरच्यांचा प्रश्न येतो, ‘यानं प्रोस्टेटचा कॅन्सर तर नाही ना होणार?’

या भीतीचं मूळ १९४१ मध्ये आहे. शिकागोतल्या दोन डॉक्टरांनी प्रोस्टेटचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णांचे अंडकोष, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा मुख्य स्रोतच, काढले, तेव्हा रक्तातलं ॲसिड फॉस्फटेज (या कॅन्सरची खूण मानलं जाणारं एन्झाइम) उतरलं. हा निष्कर्ष पक्का निघाला. टेस्टोस्टेरॉन कमी करणारे आजचे हार्मोन उपचार त्यावरच उभे आहेत आणि दोघांपैकी एकाला १९६६ चं नोबेलही मिळालं. त्याच लेखातलं दुसरं विधान असं, की टेस्टोस्टेरॉन टोचलं तर आजार चेततो. इंजेक्शन दिलं होतं तिघांना. निकाल छापले दोघांचे, आणि त्यातल्या एकाचे अंडकोष आधीच काढलेले! निरोगी पातळीवर वरून भर घातली तर काय होतं, याला साक्षीदार उरला एकच रुग्ण. तरी हे विधान पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांतून शिकवलं गेलं. १९८१ च्या ५२ रुग्णांच्या अभ्यासानं त्याला बळच दिलं. त्यातल्या बहुतेकांवर आधीच हार्मोन उपचार झाले होते, हे फारसं कुणी पाहिलं नाही. मूळ लेख उघडून रुग्ण मोजायला थेट हे शतक उजाडावं लागलं.

मग ‘सॅच्युरेशन’चा विचार पुढे आला. प्रोस्टेटच्या पेशी थोड्याच टेस्टोस्टेरॉनवर तृप्त होतात, त्यापुढच्या वाढीनं फारसा फरक पडत नाही. २००८ मध्ये १८ अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा रक्तातली पातळी आणि कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही. २०२३ मध्ये सुमारे ५,२०० पुरुषांच्या चाचणीत आक्रमक कॅन्सर टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत ५ जणांना झाला, न घेणाऱ्यांत ३ जणांना.

तिशीतल्या हिंजवडीकरानं खरं तर शुक्राणूंची चिंता करावी. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की त्यांची निर्मिती मंदावते. जिममधून चिठ्ठीशिवाय इंजेक्शन मिळवून देणारे हे सांगत नाहीत.

तरी कॅन्सरबाबत सावधगिरी हवीच. २०२३ च्या चाचणीत पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं, कॅन्सरच्या तपासणीसाठी मोजलं जाणारं प्रथिन) ३ च्या वर असलेल्यांना घेतलंच नव्हतं आणि पाठपुरावा सरासरी तीन वर्षांहूनही कमी होता. म्हणून उपचाराआधी आणि नंतरही पीएसए पाहतात. प्रोस्टेटचा कॅन्सर असलेल्या किंवा तसा संशय असलेल्या रुग्णांना औषधाच्या माहितीपत्रकात आजही मनाईच आहे.