गिर्यारोहणाचा दोर

गिर्यारोहणाचा दोर : कडा, डोंगरधार किंवा हिमनदी यांवर वावरणाऱ्या आरोहकाला पतनापासून वाचवण्यासाठी वापरला जाणारा, आज मुख्यतः नायलॉनच्या तंतूंपासून बनवलेला, ताण पडल्यावर लांबणारा दोर. आरोहक दोर धरून वर चढतो अशी सर्वसाधारण समजूत आहे, पण प्रस्तरारोहणात सहसा तसे घडत नाही. आरोहक हातापायांनी कातळावर चढतो, दोर त्याच्या हार्नेसला, म्हणजे कमरेला व मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांना, बांधलेला असतो आणि चढाई सुरळीत पार पडली तर त्यावर वजन येतही नाही. पकड सुटली की दोराचे काम सुरू होते. तो किती वजन पेलतो यापेक्षा पडणाऱ्या माणसाला किती हळुवारपणे थांबवतो, ही त्याची खरी कसोटी आहे; आणि ती ओळखायला गिर्यारोहकांना जवळजवळ शंभर वर्षे लागली.

८ ऑगस्ट १७८६ रोजी जाक बाल्मा आणि मिशेल-गाब्रिएल पाकार यांनी आल्प्समधील माँ ब्लाँ शिखर प्रथम सर केले तेव्हा त्यांनी आपसांत दोर बांधलेला नव्हता. एकोणिसाव्या शतकात आल्प्सचे वाटाडे आणि त्यांच्याबरोबरचे हौशी आरोहक हिमनदीवर एकमेकांना दोराने बांधून घेऊ लागले. बर्फाखाली दडलेल्या भेगेत एकजण गेला, तर सपाटीवर उभे असलेले बाकीचे त्याला तोलून धरू शकतात. हिमनदीवर ही पद्धत योग्य होती व आजही आहे. तीव्र उतारावर मात्र, कोणीही कातळाला बांधलेला नसताना, तोच दोर एकाची चूक सर्वांपर्यंत पोहोचवतो. १८५७ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या अल्पाइन क्लबने १८६४ मध्ये निरनिराळ्या दोरांच्या चाचण्या घेऊन चांगल्या मनिला दोराची (फिलिपाइन्समधील अबाका या वनस्पतीच्या तंतूंचा दोर) शिफारस केली आणि खरा दोर ओळखता यावा म्हणून त्यात लाल धागा विणण्याची पद्धत पडली. दोराची गुणवत्ता तपासून पाहण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न होता.

पुढच्याच वर्षी, १४ जुलै १८६५ रोजी, ४,४७८ मीटर उंचीच्या मॅटरहॉर्नवर दोराच्या इतिहासातील सर्वांत चर्चिला गेलेला अपघात घडला. शिखराची पहिली चढाई करून एडवर्ड व्हिंपर यांचा सात जणांचा चमू एकाच दोरमाळेत उतरत असताना तरुण आणि अननुभवी डग्लस हॅडो यांचा पाय घसरला. ते पुढे असलेल्या मिशेल क्रो या वाटाड्यावर आदळले आणि त्या दोघांच्या झटक्याने चार्ल्स हडसन व लॉर्ड फ्रान्सिस डग्लस हेही ओढले गेले. डग्लस आणि त्यांच्यामागचे वाटाडे पीटर टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. खाली गेलेले चौघे मरण पावले. व्हिंपर आणि टाउगवाल्डर पितापुत्र वाचले. तुटलेला दोर चमूजवळच्या दोरांपैकी सर्वांत कमकुवत होता. टाउगवाल्डरांनी तो मुद्दाम कापला असा संशय त्यांच्यावर घेतला गेला, मात्र चौकशीत ते निर्दोष ठरले. त्या दोराचा तुकडा झेरमॅटच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. दोर मजबूत असता तर चौघे वाचले असते की सातही जण गेले असते, या प्रश्नाला निश्चित उत्तर नाही. चमूतील कोणीही कातळाशी जखडलेले नव्हते, हे मात्र निश्चित आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते दोराच्या जाडीपेक्षा तेच अधिक महत्त्वाचे आहे.

दोर कातळाशी जोडण्याची साधने त्यानंतर हळूहळू आली. भेगेत ठोकायच्या खिळ्याला, म्हणजे पिटॉनला, हान्स फिश्टल यांनी सुधारित रूप दिले. अग्निशमन दलात वापरली जाणारी झडपेची कडी, म्हणजेच कॅराबिनर, म्युनिकच्या ओटो हेर्त्सोग यांनी १९१०च्या सुमारास प्रस्तरारोहणात आणली. तोवर दोर पिटॉनच्या भोकातून ओवण्यासाठी आरोहकाला कड्यावरच गाठ सोडून पुन्हा बांधावी लागे. हान्स ड्युल्फर यांच्या नावाने ओळखली जाणारी, दोर अंगाभोवती फिरवून घर्षणावर उतरण्याची पद्धत याच काळातली आहे. १९३१ मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी प्रसिद्ध केलेली गाठ बारीक दोरी मुख्य दोरावर गुंडाळून तयार होते. वजन पडले की ती आवळते आणि वजन काढले की सरकते. आजही आरोहकाजवळ या गाठीपुरत्या दोरीचे दोन तुकडे असतातच.

दोराच्या वापरातील चुकीची किंमत किती मोठी असू शकते हे १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमधील आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर दिसून आले. अँड्रिआस हिंटरश्टॉइसर यांनी ताणलेल्या दोराच्या आधाराने एक गुळगुळीत आडवा टप्पा पार केला. त्यांच्यामागून टोनी कुर्त्स, विली आंगेरर आणि एडी रायनर आले आणि चौघे पलीकडे पोहोचल्यावर त्यांनी तो दोर काढून घेतला. परतीचे दोर कापणे या वाक्प्रचाराने मराठी वाचकाला सिंहगडाच्या लढाईची कथा आठवते; तिथे तो निर्धार होता, इथे मात्र नकळत घडलेली चूक. आंगेरर जखमी झाल्याने माघार घ्यावी लागली तेव्हा कातळावर बर्फ धरले होते आणि तो टप्पा उलट दिशेने कोणालाच पार करता आला नाही. त्यानंतरच्या दुर्घटनेत तिघे गेले. एकटे उरलेले कुर्त्स रात्रभर लोंबकळत राहिले. सुटकेसाठी आलेल्या वाटाड्यांचा दोर वर ओढून घेता यावा म्हणून त्यांनी गोठलेल्या दोराचे पदर कित्येक तास खपून उलगडले आणि जोडून खाली सोडले. वाटाड्यांनी पाठवलेला दोर लांबीला अपुरा असल्याने त्याला दुसरा दोर जोडलेला होता. उतरताना ती जोडगाठ कुर्त्स यांच्या कॅराबिनरमध्ये अडकली, ती पार होईना, आणि मदतनीसांपासून थोड्याच अंतरावर त्यांचा प्राण गेला. दोराच्या मधोमध आलेली गाठ पार करण्याची रीत आज प्रत्येक प्रशिक्षणात शिकवली जाते.

मनिला किंवा तागाच्या जातीच्या तंतूंचे दोर भिजले की जड होत आणि गोठले की तारेसारखे ताठर होत. त्याहून मोठा दोष म्हणजे ते फारसे लांबत नसत. पतन झाले तर दोर तुटे किंवा सगळा झटका आरोहकाच्या शरीराला बसे. शिवाय हार्नेस नव्हते आणि दोर थेट कमरेभोवती बांधलेला असे. ‘पुढच्याने पडायचे नाही’ हा त्या काळचा नियम अभिमानाचा नव्हता, नाइलाजाचा होता. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर नाहीसे झालेले जॉर्ज मॅलरी यांचा मृतदेह १ मे १९९९ रोजी सापडला तेव्हा त्यांच्या कमरेभोवती तुटलेला दोर तसाच होता.

बदलाची सुरुवात दोराऐवजी दोर धरण्याच्या पद्धतीतून झाली. खालच्या जोडीदाराने दोर नियंत्रणात ठेवण्याला गिर्यारोहक बिले देणे म्हणतात. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातील सिएरा क्लबच्या रिचर्ड लिओनार्ड आणि सहकाऱ्यांनी बिले देताना दोर एकदम न रोखता थोडा सरकू द्यावा, म्हणजे पतनाची ऊर्जा घर्षणात खर्ची पडते, हे पुन्हा पुन्हा पडून, प्रत्यक्ष सरावातून दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धात जपानने फिलिपाइन्स घेतल्यावर मनिला तंतूचा पुरवठा तुटला आणि अमेरिकी सैन्याच्या पर्वतीय तुकड्यांसाठी नायलॉनचे दोर तयार झाले. नायलॉन मजबूत होता, भिजून कुजत नव्हता आणि मुख्य म्हणजे तो लांबत होता. जोडीदार जे हातांनी साधू पाहत होता, त्याचा मोठा वाटा आता दोर स्वतःच उचलू लागला. १० ऑगस्ट १९५३ रोजी के२ पर्वतावर आजारी आर्ट गिल्की यांना उतरवताना एकाचा पाय घसरून दोर एकमेकांत गुंतले आणि पाच जण घसरत गेले. पीट शूनिंग यांनी खडकामागे रोवलेल्या बर्फकुऱ्हाडीच्या आधाराने त्या पाचही जणांना आणि गिल्की यांना एकट्याने थोपवले. गिल्की पुढे हिमस्खलनात गेले असे मानले जाते, बाकीचे परतले. हा प्रसंग शूनिंग यांच्या प्रसंगावधानाचा आहेच, त्यांच्या हातातील नायलॉनच्या दोराचाही आहे.

त्याच वर्षी जर्मनीतील एडेलरिड या कंपनीने गाभा आणि आवरण अशा दोन भागांचा कर्नमँटल दोर बनवला. बहुतेक भार आतल्या तंतूंचा गाभा पेलतो आणि विणलेले आवरण त्याला घासण्यापासून वाचवते. पिळाच्या दोरावर लोंबकळणारा माणूस गरगर फिरत असे. तो त्रासही यामुळे संपला. आजचे जवळजवळ सर्व गिर्यारोहणाचे दोर याच रचनेचे असतात.

दोरावर बसणारा झटका पतनाच्या लांबीवर एकट्याने ठरत नाही. जास्त लांब पडल्यास ऊर्जा जास्त निर्माण होते, पण जितका दोर मोकळा सुटलेला तितकी ती शोषून घेण्याची त्याची क्षमताही जास्त असते. म्हणून पतनाची लांबी भागिले सुटलेल्या दोराची लांबी या गुणोत्तराला, म्हणजे पतन-गुणांकाला, महत्त्व आहे. जोडीदारापासून ५ मीटर वर गेलेला आणि मध्ये कुठेही दोर न अडकवलेला आरोहक पडला, तर तो १० मीटर खाली येतो आणि गुणांक २ होतो, जो नेहमीच्या चढाईतील कमाल आहे. ४० मीटर दोर सुटलेला असताना तेच १० मीटरचे पतन अवघ्या ०.२५ गुणांकाचे ठरते. चढाईच्या पहिल्या काही मीटरांतच पहिला आधार लावण्याचा आग्रह अनुभवी आरोहक धरतात तो यासाठी. १९३२ मध्ये शामोनी येथे स्थापन झालेल्या यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या चाचणीत एकेरी दोरावर ८० किलोचे वजन १.७हून अधिक गुणांकाने वारंवार पाडले जाते. दोराने किमान पाच पतने सोसावी लागतात आणि पहिल्या पतनात बसणारा झटका १२ किलोन्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे १,२०० किलो वजनाच्या भारापेक्षा, जास्त असून चालत नाही.

चाचणीतून पार पडलेल्या लांबणाऱ्या दोराला डायनॅमिक आणि अगदी थोडा लांबणाऱ्या दोराला स्टॅटिक म्हणतात. रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणे), गुहाशोधन आणि बचावकार्य यांत स्टॅटिक दोर सोयीचा असतो. उंच हिमशिखरांवर आधीच बांधून ठेवलेल्या दोरांवरून आरोहक ज्युमारने वर सरकतात; १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या युसी आणि मार्ती यांनी तयार केलेल्या या पकडसाधनाचे नाव दोघांच्या आडनावांतून आले आहे. एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात असे दोर आणि शिड्या लावण्याचे अत्यंत जोखमीचे काम दरवर्षी शेर्पा करतात, आणि शिखरावर पोहोचणाऱ्या शेकडो आरोहकांची वाट त्यांच्या श्रमांवर उभी असते.

सह्याद्रीत अनेकांची दोराशी पहिली ओळख खंडाळ्याच्या नागफणीसारख्या ठिकाणी रॅपलिंगच्या निमित्ताने होते आणि तिथूनच एक धोकादायक गैरसमज पसरतो. उतरण्यासाठी उत्तम असलेला स्टॅटिक दोर पुढे चढणाऱ्याला बांधला, तर तो तुटणार नाही कदाचित. पण पतनाचा सगळा झटका माणसाच्या पाठीच्या कण्याला आणि कातळातील आधारांना बसेल. सह्याद्रीचा बेसाल्ट थराथरांचा आहे. त्याच्या पकडी निसटतात, घसाऱ्याचे दगड वरून येतात आणि कड्यांच्या कडा धारदार असतात. ताणलेला दोर अशा कडेवर घासला की जाडी किंवा किंमत यांपैकी काहीच कामी येत नाही. म्हणून कडेवर दोराखाली जाड कापड किंवा पाइपचा तुकडा घालतात. दोरावर पाय देत नाहीत, कारण त्यामुळे वाळूचे कण आवरणातून आत शिरून तंतू कापतात. बॅटरीतील आम्ल आणि दीर्घकाळचे ऊन नायलॉनला आतून कमकुवत करतात, आणि आम्लाने झालेली इजा बाहेरून अनेकदा दिसतही नाही. मोठे पतन सोसलेला, बोटांनी चाचपताना कुठे मऊ किंवा चपटा लागणारा, अथवा पूर्वेतिहास माहीत नसलेला दोर चढाईतून कायमचा बाद करतात आणि तो चुकूनही पुन्हा वापरला जाऊ नये म्हणून त्याचे तुकडे करून टाकतात.