ट्रोपोनिन चाचणी

हृदयस्नायूच्या पेशींना इजा झाली की त्यांतून रक्तात उतरणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाचे मापन. छातीत दुखत असलेल्या रुग्णाला हृदयविकाराचा झटका आला आहे की नाही, हे तातडीच्या विभागात ठरविण्यासाठी ही चाचणी करतात.

हृदयविकाराच्या झटक्यात रक्तातील विकरे (एन्झाइम) वाढतात, हे लाड्यू, व्रोब्लेव्स्की व कार्मेन यांनी 1954 मध्ये न्यूयॉर्क येथे दाखविले. त्यांनी मोजलेले विकर (ट्रान्सअमिनेज) यकृतविकारातही वाढते; त्यामुळे पुढे क्रिएटिन कायनेज-एमबी (थोडक्यात एमबी) हे दुसरे विकर प्रचारात आले. ट्रोपोनिनचा शोध जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी 1965 च्या सुमारास लावला. मात्र निदानासाठी त्याचा वापर प्रथम कोणी केला, याबद्दल मतभेद आहेत. बहुतेक लेखक हायडलबर्गचे ह्यूगो काटुस यांचे नाव घेतात (ट्रोपोनिन-टी हा प्रकार, 1989). ब्रिटनमधील कमिन्स व सहकाऱ्यांचा ट्रोपोनिन-आय या दुसऱ्या प्रकारावरील लेख 1987 चा आहे. प्रकाशनाचा क्रम पाहता तो मागे सारता येत नाही. रुग्णालयांत आधी रुळली ती मात्र टी-चाचणी.

जुन्या पद्धतीत वाढ दिसायला तीन ते सहा तास लागत. अतिसंवेदनशील पद्धतीत पहिल्या नमुन्यानंतर एक ते तीन तासांनी दुसरा घेऊन दोन्हींतील फरक पाहतात. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही; मूत्रपिंडाचा जुना विकार, हृदयस्नायुदाह, फुप्फुसातील रक्तगाठ यांतही तो वाढलेला असतो. उलट, दुखणे नुकतेच सुरू झाले असेल तर पहिला अहवाल बिनचूक असूनही फसवा ठरतो.

गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (मूळ संस्था 1842) हे हृदयविकाराच्या झटक्यावरील उपचारांचे मुख्य सरकारी केंद्र होय. साधारण 2018 पासूनच्या ‘स्टेमी गोवा’ योजनेत (स्टेमी म्हणजे ईसीजीत एसटी भाग उंचावलेला दिसणारा झटका) गावोगावच्या आरोग्यकेंद्रांतील ईसीजी (हृदयाचा विद्युत आलेख) तज्ज्ञांकडे पाठविला जातो. त्यात एसटी भाग (आलेखातील एक टप्पा) उंचावलेला असल्यास ट्रोपोनिनची वाट न पाहता रक्तगाठ विरघळविणारे इंजेक्शन देऊन रुग्णाला बांबोळीला हलवितात. हा क्रम योग्यच आहे. चाचणीचा खरा उपयोग ईसीजी संदिग्ध असतो तेव्हा. ‘गॅस झालाय’ म्हणत सोडा पिऊन घरी थांबलेला माणूस उशिरा पोहोचला, तरी ट्रोपोनिन आठवडाभर, टी प्रकारात कधी दोन आठवडेही, वाढलेले आढळते. याच कारणाने चार दिवसांत पुन्हा झटका आल्याची शंका असल्यास काही ठिकाणी अजून एमबी मागवितात, कारण ते दोन-तीन दिवसांत पूर्ववत होते. लागोपाठच्या ट्रोपोनिन नमुन्यांनीही ते काम भागते.