मुख्यमंत्रिपदासाठी अर्ज कुठे करायचा? पात्रता, कागदपत्रे आणि शपथेपर्यंतची वाट

मुख्यमंत्रिपदासाठी छापील अर्ज नाही, फी नाही आणि अर्जाची शेवटची तारीखही नाही. संविधानाचा अनुच्छेद १६४ एवढंच सांगतो की मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतील. नेमणूक कोणाची करायची, त्यासाठी काय बघायचं, किती दिवसांत करायची, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. ही रिकामी जागा भरली आहे ती प्रथांनी, न्यायालयांच्या निकालांनी आणि पाठिंब्याच्या पत्रांनी. त्यामुळे हे पद हुकतं तेव्हा वय किंवा नागरिकत्व क्वचितच आडवं येतं. आडवं येतं ते वेळेत न पोहोचलेलं पत्र.

पात्रता

मुख्यमंत्र्याची म्हणून वेगळी पात्रता कुठेही लिहिलेली नाही. आमदाराची तीच त्याची. भारताचं नागरिकत्व, विधानसभेसाठी किमान २५ आणि विधान परिषदेसाठी किमान ३० वर्षं वय (अनुच्छेद १७३), आणि त्याच राज्यातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव. वय मोजलं जातं ते अर्जांच्या छाननीच्या दिवशी. मतदानाच्या दिवशी पंचविशी पूर्ण होणार, हे उत्तर चालत नाही. शिक्षणाची अट मुळीच नाही.

अपात्रतेची यादी अनुच्छेद १९१ आणि लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मध्ये आहे: लाभाचं पद, दिवाळखोरी, मनोविकलतेबाबत न्यायालयाचा निर्णय, पक्षांतर आणि शिक्षा. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की अपात्रता त्या दिवसापासून लागते आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं टिकते. पूर्वी विद्यमान आमदार-खासदारांना तीन महिन्यांची सवड मिळायची, आणि त्या काळात अपील केलं तर त्याचा निकाल लागेपर्यंत. लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ रोजी ती तरतूदच रद्द केली.

आमदार नसताना मुख्यमंत्री: सहा महिन्यांची मुदत

अनुच्छेद १६४(४) नुसार मंत्री सलग सहा महिने विधिमंडळाचा सदस्य नसेल, तर ती मुदत संपताच त्याचं मंत्रिपद जातं. ही सूट फक्त सदस्यत्वापुरती आहे, पात्रतेत सूट नाही. हा फरक जयललितांच्या प्रकरणात स्पष्ट झाला. २००१ मध्ये त्यांचे चारही मतदारसंघांतले अर्ज फेटाळले गेले; काही शिक्षेमुळे, तर काही दोनपेक्षा जास्त ठिकाणी अर्ज भरल्यामुळे. तरी पक्षाला बहुमत मिळालं आणि १४ मे रोजी त्यांचा शपथविधी झाला. २१ सप्टेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नेमणूक रद्द ठरवली. जो आमदार व्हायला अपात्र आहे त्याला सहा महिन्यांसाठीही मुख्यमंत्री करता येत नाही. सहा महिने होत आले की राजीनामा द्यायचा आणि पुन्हा शपथ घेऊन नवे सहा महिने मोजायचे, ही पळवाट त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंजाबातल्या एका मंत्र्याच्या प्रकरणात बंद झाली.

ही मुदत किती घट्ट असते ते महाराष्ट्राने २०२० मध्ये पाहिलं. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शपथ घेतली तेव्हा ते कोणत्याच सभागृहात नव्हते. मुदत मेच्या अखेरच्या आठवड्यात संपत होती, आणि कोरोनामुळे परिषदेच्या नऊ जागांची निवडणूक पुढे ढकलली गेली. ९ एप्रिलला मंत्रिमंडळाने त्यांना राज्यपालनियुक्त सदस्य करण्याची शिफारस केली, ती तशीच पडून राहिली. शेवटी ३० एप्रिलला राज्यपालांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहिलं, दुसऱ्या दिवशी आयोगाने परवानगी दिली, १४ मे रोजी ते बिनविरोध निवडून आले आणि १८ मे रोजी सदस्यत्वाची शपथ झाली. म्हणजे हातात दहाएक दिवस उरले होते.

जिथे विधान परिषद नाही तिथे ही वाटही नसते. उत्तराखंडात तीरथसिंह रावत १० मार्च २०२१ रोजी मुख्यमंत्री झाले. ते खासदार होते. विधानसभेची मुदत वर्षाच्या आत संपणार होती, आणि सभागृहाचा एक वर्षापेक्षा कमी काळ उरला असेल तर कायद्याने पोटनिवडणूक घेण्याचं बंधन नसतं. २ जुलैला त्यांनी राजीनामा दिला. गोव्यातही परिषद नाही. २०१७ मध्ये संरक्षणमंत्रिपद सोडून आलेल्या मनोहर पर्रीकरांना पणजीतून पोटनिवडणूक लढवूनच विधानसभेत जावं लागलं. म्हणून बाहेरून नेता आणायचा असेल तर शपथेची तारीख ठरवण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: राज्यात परिषद आहे का, आणि विधानसभेची मुदत किती उरली आहे. तिशीच्या आतल्या उमेदवाराला परिषदेचा पर्याय तसाही बंद.

खासदार मुख्यमंत्री झाला म्हणून त्याची खासदारकी लगेच जात नाही. विधिमंडळात निवडून आल्याचं राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून १४ दिवसांत त्याने राज्यातली जागा सोडली नाही, तर संसदेतली जागा आपोआप रिकामी होते. निवडून येईपर्यंत मात्र दोन्ही चालतं. ओडिशाचे मुख्यमंत्री गिरिधर गमांग यांनी १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत मतदान केलं ते याच आधारे, आणि वाजपेयी सरकार एका मताने पडलं.

आमदारकीची कागदपत्रं

सरळ मार्गाने जाणाऱ्याचा पहिला कागद म्हणजे विधानसभेचा नामनिर्देशन अर्ज, नमुना २ब. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मतदारसंघातला एक सूचक पुरतो. अपक्षाला आणि बिगर मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात. अनामत रक्कम १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ५,००० रुपये. एका मतदारसंघात जास्तीत जास्त चार अर्ज आणि एकूण दोनच मतदारसंघ. नाव दुसऱ्या मतदारसंघाच्या यादीत असेल तर त्या यादीच्या संबंधित भागाची प्रमाणित प्रत जोडावी लागते.

अर्जासोबत नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र द्यायचं, नोटरी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर केलेलं. त्यात मालमत्ता, कर्ज, प्रलंबित गुन्हे, पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतलं उत्पन्न हे सगळं येतं. रकाना कोरा सोडू नये. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहावं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने आठवण करून दिल्यावरही रकाने कोरे राहिले तर अर्ज फेटाळता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं आहे. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असं सांगणारा कागद, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोहोचला पाहिजे आणि त्यावरची सही शाईची हवी. झेरॉक्स चालत नाही. शेवटच्या तासाला एबी फॉर्म घेऊन धावणारे कार्यकर्ते दर निवडणुकीत दिसतात, ते याचसाठी.

हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे उमेदवाराची शपथ. अर्ज दाखल केल्यावर, पण छाननीच्या दिवसाआधी, ती घेऊन सही करावी लागते. बाकी सगळं बिनचूक असलं आणि ही राहिली, तरी अर्ज बाद.

राज्यपालांपुढे काय ठेवायचं

निकाल लागला की पक्षाच्या आमदारांची बैठक होते आणि गटनेता निवडला जातो. त्या ठरावाची प्रत, आघाडीतल्या प्रत्येक पक्षाचं पाठिंब्याचं पत्र, अपक्षांची वैयक्तिक पत्रं आणि आमदारांची सह्यांनिशी यादी घेऊन सत्तास्थापनेचा दावा केला जातो. याचा ठरीव नमुना कोणी काढलेला नाही, आणि घोळ होतो तो इथेच.

महाराष्ट्रात २८८ पैकी १४५ हवेत, गोव्यात ४० पैकी २१. कोणालाच स्वबळावर बहुमत नसेल तर सरकारिया आयोगाने १९८८ मध्ये सुचवलेला क्रम साधारणपणे समोर ठेवला जातो: निवडणूकपूर्व आघाडी, मग इतरांच्या पाठिंब्यासह सर्वात मोठा पक्ष, मग सगळे घटक सरकारात असलेली निवडणुकीनंतरची आघाडी, शेवटी काहींचा बाहेरून पाठिंबा असलेली. राज्यपालांवर हा क्रम बंधनकारक नाही, हे २०१७ मध्ये गोव्यात दिसलं. काँग्रेसचे १७, भाजपचे १३. पण पाठिंब्याची पत्रं घेऊन आधी पर्रीकर राजभवनात पोहोचले. काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा न्यायालयाने विचारलं, तुमच्या पाठिंबादारांची यादी राज्यपालांना दिली होती का? ती दिली नव्हती. १६ मार्चला पर्रीकरांनी २२ विरुद्ध १६ मतांनी विश्वास जिंकला. सर्वात मोठा पक्ष असलो तरी कागद हातात नसेल तर दावा उभा राहत नाही.

महाराष्ट्रात ११ नोव्हेंबर २०१९ रोजी शिवसेनेला संध्याकाळी साडेसातपर्यंतची वेळ होती. नेते राजभवनात पोहोचले, काँग्रेसचं पत्र पोहोचलं नाही. तीन दिवस मागितले, मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी राष्ट्रपती राजवट लागली. ती २३ तारखेला पहाटे ५.४७ ला उठली आणि आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. त्या दाव्यासोबत राष्ट्रवादीच्या ५४ आमदारांच्या सह्यांची यादी होती. या सह्या गटनेता निवडीसाठी घेतलेल्या आहेत आणि त्यांना पाठिंब्याचं पत्रच जोडलेलं नाही, असा युक्तिवाद नंतर कोर्टात झाला. यातून घ्यायचं ते इतकंच: प्रत्येक पानाच्या माथ्यावर सही कशासाठी, कोणाला उद्देशून आणि कोणत्या तारखेची, हे लिहिलेलं असावं. कोऱ्या कागदावरची सही कुठेही जोडली जाऊ शकते.

२०२२ च्या सत्तांतरानंतर आणखी एक खबरदारी आली. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की गटनेता आणि प्रतोद (आमदारांना पक्षादेश बजावणारा) नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. त्यामुळे आमदारांच्या बैठकीच्या ठरावाला पक्षाध्यक्षाच्या पत्राची जोड हवी.

शपथ

संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत राज्याच्या मंत्र्यासाठी शपथेचे दोन मसुदे आहेत, पदाचा आणि गोपनीयतेचा. दोन्ही घ्याव्या लागतात आणि नोंदवहीत सही करावी लागते. ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’, यांतलं एक निवडायचं. पदरचे शब्द घालू नयेत. ३० डिसेंबर २०१९ च्या मंत्रिमंडळ विस्तारात के. सी. पाडवी यांनी मसुद्याबाहेरची वाक्यं म्हटली, तेव्हा राज्यपालांनी त्यांना पुन्हा पहिल्यापासून शपथ घ्यायला लावली.

उपमुख्यमंत्री हे पद संविधानात नाही. घटनेच्या दृष्टीने ते एक मंत्रीच. मंत्र्यांची संख्या मुख्यमंत्र्यासह सभागृहाच्या १५ टक्के, म्हणजे महाराष्ट्रात ४३. गोव्यात १५ टक्क्यांनी सहाच होतात, पण किमान १२ ची मुभा असल्याने तिथे १२ पर्यंत जाता येतं. मुख्यमंत्र्याची आमदारकीची शपथ वेगळी असते आणि ती आधी झालीच पाहिजे असं नाही: २०१९ मध्ये आमदारांची शपथ २७ नोव्हेंबरला आणि मुख्यमंत्र्यांची दुसऱ्या दिवशी झाली, तर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांची ५ डिसेंबरला आणि आमदारांची त्यानंतर. मात्र आमदारकीची शपथ न घेता सभागृहात बसलं किंवा मत दिलं, तर दिवसाला ५०० रुपये दंड आहे.

बहुमत चाचणी

बहुमत राजभवनात मोजायचं नाही, सभागृहात मोजायचं, हे बोम्मई खटल्याने १९९४ मध्ये पक्कं केलं. इथे एक गैरसमज कायम असतो: विश्वासदर्शक ठरावाला १४५ मतं लागतातच असं नाही, हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी ठाकरे सरकारच्या बाजूने १६९ मतं पडली, विरोधात शून्य, कारण भाजपने सभात्याग केला होता. त्याआधी २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने फडणवीसांना दुसऱ्या दिवशी पाचच्या आत चाचणी घ्यायला सांगितलं होतं: हंगामी अध्यक्ष, उघड मतदान, थेट प्रक्षेपण. त्याच दिवशी राजीनामा आला.

चाचणीआधी राजीनामा द्यायचा की नाही, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. २९ जून २०२२ रोजी ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाले. चाचणीचा राज्यपालांचा आदेश चुकीचा होता असं घटनापीठाने पुढे म्हटलं, पण राजीनामा स्वेच्छेचा असल्याने सरकार परत आणता येत नाही, असंही सांगितलं.

मुख्यमंत्र्याने राजीनामा राज्यपालांच्या नावे लिहायचा, आमदारकीचा अध्यक्षांच्या नावे. मुख्यमंत्र्याचा राजीनामा किंवा मृत्यू म्हणजे सगळ्या मंत्रिमंडळाचा शेवट, आणि सगळ्यांना नव्याने शपथ. मारोतराव कन्नमवार २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच वारले, तेव्हा पी. के. सावंत यांनी काही दिवस कारभार पाहिला आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक आले, ते १९७५ पर्यंत. पर्रीकरांचं निधन १७ मार्च २०१९ ला झालं. प्रमोद सावंत यांची शपथ १९ तारखेला पहाटे दोनच्या सुमारास झाली, कारण पाठिंब्याची जुळवाजुळव तोवर पुरी व्हायची होती.