वीज गेल्यावरचे दहा सेकंद

देवळाच्या मंडपात नाटक रंगात आलेलं असायचं आणि एकदम काळोख व्हायचा. गोव्यातल्या गावच्या उत्सवांत आमच्या लहानपणी हे ठरलेलंच. मंडपामागे माडाच्या बुंध्याशी जनरेटर ठेवलेला असे. त्याचा माणूस टॉर्च घेऊन तिकडे जायचा, पण लगेच हात घालत नसे. वीज क्षणभर डुचकी मारून परत येते का, ते आधी बघायचा. मग झडपेचा खटका वर करून हँडल गरागरा फिरवायचा आणि वेग आला की खटका सोडायचा. इंजिनाने पकड घेतली तरी तो तसाच उभा. कान इंजिनाकडे. आवाज एकसारखा झाल्यावरच फळीवरच्या चेंजओव्हरचा, म्हणजे लाइन सोडून जनरेटरवर वळवणाऱ्या स्विचचा, दांडा खाली ओढायचा. आधी रंगमंचाचे दिवे, मग माइक, पंखे सगळ्यांत शेवटी. वीज परत आली तरी काही मिनिटं तो विश्वास ठेवत नसे.

आज इस्पितळाच्या तळमजल्यावरचं एएमएफ पॅनेल, म्हणजे ऑटो मेन्स फेल्युअर पॅनेल, वीज गेली की आपोआप हेच सगळं त्याच क्रमाने करतं. या यंत्रणेचा इतिहास म्हणजे त्या माणसाचा कान, हात आणि धीर एकेक करून रिलेत, म्हणजे विजेने आपोआप चालणाऱ्या खटक्यांत, कसा उतरला त्याची गोष्ट आहे, असं मला वाटतं.

गोव्याला ही गरज का पडते, ते नकाशावर दिसतं. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा वीज होती ती मोजक्या शहरांत, तीही डिझेलवर चालणाऱ्या छोट्या केंद्रांतून. पुढे वीज खातं उभं राहिलं, तारा गावोगाव पोचल्या. पण मोठं वीजकेंद्र इथे झालं नाही. आपल्या वाट्याची वीज कोरबा, विंध्याचल अशा दूरच्या केंद्रांतून येते. ती महाराष्ट्रात कोल्हापूरच्या बाजूने आणि कर्नाटकात आंबेवाडीकडून सह्याद्री ओलांडते. घाटातलं रान, जूनचा वारा, विजांचा कडकडाट, किनाऱ्यावर इन्सुलेटरवर बसणारं मीठ, तारेवर पडणारी माडाची चुडतं, एवढ्यांतून वाट काढत ती घरात पोचते. म्हणूनच हॉटेल, बर्फाचा कारखाना किंवा वेर्ण्यातलं औषधांचं युनिट उभं करताना जनरेटरची जागा पहिल्याच आराखड्यात धरावी लागते.

यंत्राला पहिल्यांदा आला तो कान. १७८८ साली जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि वाफ कमी होते. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली यशस्वी झालं, तेव्हा गव्हर्नरची ही युक्ती तयारच होती. आपल्याकडच्या नेहमीच्या जनरेटर सेटला ५० हर्ट्झच्या फ्रिक्वेन्सीसाठी, म्हणजे विजेची सेकंदाला ५० आवर्तनं व्हावीत म्हणून, मिनिटाला १५०० फेरे धरून ठेवावे लागतात. भार, म्हणजे विजेची मागणी, पडला की वेग दबतो, गव्हर्नर डिझेल वाढवतो. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली. तिच्या इंजिनांची धडधड आमच्या पिढीच्या कानात अजून आहे.

हात यंत्रात उतरवणं जास्त जोखमीचं होतं. जनरेटर चालू असताना तो खात्याच्या लाइनलाही जोडलेला राहिला, तर वीज उलटी बाहेर जाते. ट्रान्सफॉर्मर उलट्या बाजूनेही काम करतो, म्हणजे घरातले २३० व्होल्ट खांबावर हजारो व्होल्ट होऊन पोचतात. तिथे लाइनमन तार बंद आहे असं समजून चढलेला असतो. दांड्याच्या चेंजओव्हरमध्ये हा धोका रचनेनेच टळतो, कारण दांडा एका वेळी एकाच बाजूला बसतो. स्वयंचलित पॅनेलमध्ये दोन काँटॅक्टर, म्हणजे विजेने उघडझाप होणारे मोठे स्विच, असतात. त्यांच्यात विजेचा इंटरलॉक, म्हणजे एकमेकांना अडवणारं कुलूप, असतो आणि शिवाय लोखंडी पट्टीचाही, म्हणजे एक आत गेला की दुसऱ्याला आत जाताच येत नाही. पैसे वाचवायला ही पट्टी गाळणाऱ्या कंत्राटदाराला कामच देऊ नये.

धीराची जागा टायमरने घेतली. वीज गेल्यावर दोन-तीन सेकंद वाट बघायची, स्टार्टर मारायचा, इंजिन धरलं नाही तर थोडं थांबून पुन्हा मारायचा. साधारण तीन प्रयत्न फसले की अलार्म. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी जुळल्यावरच भार घ्यायचा. वीज परतली की काही मिनिटं पारख करून मगच मूळ लाइनवर जायचं, आणि इंजिन थंड होईस्तोवर रिकामं फिरवायचं.

हे सगळं किती झटपट व्हायला हवं, हा प्रश्न जगापुढे मोठ्याने आला ९ नोव्हेंबर १९६५ ला. कॅनडातल्या ओंटारिओत एका रिलेने लाइन तोडली. मग न्यूयॉर्कसकट ईशान्य अमेरिका आणि ओंटारिओतली सुमारे तीन कोटी माणसं अंधारात गेली. आणीबाणीच्या विजेचे तिथले नियम त्यानंतर कडक होत गेले. इस्पितळातल्या जीवरक्षक भारासाठी आता दहा सेकंदांची मर्यादा तिथे रूढ आहे.

खरी कसोटी मात्र भाराच्या क्रमात आहे. थेट सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी नेहमीच्या सहापट करंट ओढू शकते. लिफ्ट, पंप, एसी एकदम आले तर धडधाकट सेटही गुदमरतो. म्हणून पॅनेल भार टप्प्याटप्प्याने घेतं, आणि ताण वाढला की कमी गरजेचा भार आधी सोडतं. देशाच्या ग्रिडलाही हेच करावं लागतं. फ्रिक्वेन्सी घसरली की ठरावीक फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या लाइनी, आपोआप तोडायचे असतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेत हे पुरेसं झालं नाही, असं चौकशी समितीने नोंदवलं. दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशातली वीज गेली. पश्चिम ग्रिड तगली, म्हणून गोवा त्या अंधारातून वाचला.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा मात्र गोवा वाचला नाही. झाडं तारांवर कोसळली, कित्येक ठिकाणी वीज यायला दिवस लागले. आमच्या वसाहतीचं पॅनेल त्या दिवशी चोख चाललं. वीज जाताच सेट धरला, लिफ्ट आली, पंप आला. रात्री टाकीत काठी बुडवून पाहिली तर डिझेल तळाला. भाराची यादी आम्ही कधीच केली नव्हती, त्यामुळे जिन्यातले सगळे दिवे आणि क्लबहाउसचा एसीसुद्धा सेटवर होता. दुसऱ्या दिवशी मेणबत्तीच्या उजेडात बसून यादी केली. पाण्याचा पंप पहिला. नंतर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या ऑक्सिजन मशीनचा पॉइंट. मग लिफ्ट. एसी खोडला. आता टाकीत डिझेलची पातळी मोजणारा सेन्सर बसवलाय, आणि पाव टाकी उरली की पंप आणि आजींचा पॉइंट सोडून बाकी सगळं पॅनेल स्वतः तोडतं.