खासगी रेल्वे परत सरकारकडे घेणं

खासगी कंपन्यांना दिलेली रेल्वे, म्हणजे रूळ, सिग्नल, स्टेशनं किंवा नुसती गाड्या चालवायची कंत्राटं, सरकारने परत आपल्या ताब्यात घेणं याला पुनर्राष्ट्रीयीकरण म्हणतात. शब्द उच्चारतानाच दमायला होतं, पण गोष्ट साधी आहे. यात ब्रिटन, न्यूझीलंड आणि अर्जेंटिना ही नावं कायम येतात. मुंबईकराला मात्र एवढं लांब जायची गरज नाही, कारण आपली मध्य आणि पश्चिम रेल्वे मुळात लंडनहून कारभार चालणाऱ्या दोन खासगी कंपन्याच होत्या.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे जीआयपीची. कंपनी खासगी खरी, पण जोखीम अजिबात खासगी नव्हती. भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी आणि जमीन फुकट असा करार होता, धंद्यातून तेवढे सुटले नाहीत तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचा, म्हणजे शेतसारा देणाऱ्याच्या खिशातून. मग खर्च आवरायची फिकीर कोण करणार? या हमीवर दादाभाई नौरोजींनी आणि नंतर अर्थतज्ज्ञ गणेश व्यंकटेश जोशींनी कडक टीका केली होती. १९०० मध्ये सरकारने जीआयपी विकत घेतली आणि गंमत म्हणजे चालवायला परत त्याच कंपनीला दिली, मालक एक आणि कारभारी दुसरा. रेल्वेचा कारभार तपासायला नेमलेल्या १९२०-२१ च्या अॅकवर्थ समितीने रेल्वे सरकारनेच चालवावी अशी शिफारस केली आणि १९२५ मध्ये जीआयपी, १९४२ मध्ये दुसरी कंपनी बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) सरकारी कारभाराखाली आली. १९५१ मध्ये त्यांचीच मध्य आणि पश्चिम रेल्वे झाली. ट्राम आणि बसचंही तसंच, बेस्ट आधी कंपनी होती, ७ ऑगस्ट १९४७ ला महापालिकेने घेतली.

आता ब्रिटन, कारण या वादातला सगळ्यात जास्त मसाला तिथेच आहे. तिथे रेल्वे १९४८ पासून सरकारी होती, १९९३ च्या कायद्याने ती विकायला काढली, आणि विकली तीही तुकडे तुकडे करून. रूळ रेलट्रॅक कंपनीला, गाड्या चालवायची मुदतबंद कंत्राटं वीस-पंचवीस कंपन्यांना, डबे आणि इंजिनं भाड्याने देणाऱ्या तिसऱ्याच कंपन्यांना, रुळांची देखभाल अजून वेगळ्या ठेकेदारांना. गाडी लेट झाली तर ती कुणामुळे झाली आणि दंड कुणी कुणाला द्यायचा हे ठरवायला पगारी माणसं बसवावी लागली (आपल्याकडे निदान सगळ्या शिव्या एकाच पत्त्यावर जातात).

१७ ऑक्टोबर २००० ला लंडनजवळ हॅटफिल्डला रूळ तुटून गाडी घसरली, ४ माणसं गेली. त्या रुळाला तडे गेलेत हे आधीपासून माहीत होतं, बदलायचा नवा रूळ कितीतरी महिने बाजूलाच आणून ठेवलेला होता, बसवायचं काम मात्र या कंपनीकडून त्या ठेकेदाराकडे फिरत राहिलं. मग देशभर असे तडे अजून कुठे असतील हे रेलट्रॅकला धड सांगता येईना, म्हणून हजाराहून जास्त ठिकाणी गाड्यांचा वेग कमी केला आणि वेळापत्रकच कोलमडलं. २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २००२ मध्ये रूळ नेटवर्क रेलकडे आले, जी नफा न वाटणारी संस्था होती आणि २०१४ पासून सरकारी हिशोबात धरली जाते. सरकारने परत घ्यावं म्हणणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच. रूळ, गाडी आणि वेळापत्रक हे एकच यंत्र आहे, त्याचे पाच मालक केले की चूक नेमकी दोघांच्या मधल्या फटीत पडते.

दुसरा मुद्दा पैशाचा, आणि इथे जीआयपीची आठवण येतेच. लंडन ते एडिनबरा या कमाईच्या ईस्ट कोस्ट मार्गावर खासगी कंपन्यांनी मोठमोठे आकडे बोलून कंत्राट घेतलं आणि जमलं नाही तेव्हा सोडून दिलं, २००९ मध्येही आणि २०१८ मध्येही, दोन्ही वेळा सरकारलाच गाड्या चालवायला घ्याव्या लागल्या. कारण रेल्वे बंद ठेवता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. नफा झाला तर त्यांचा, बुडाली तर आपली. त्यात वर काही कंत्राटं जर्मनी, नेदरलँड्स आणि इटलीच्या सरकारी रेल्वेच्या उपकंपन्यांकडे होती, म्हणजे स्वतःचं सरकार नको म्हणून शेजारचं सरकार!

शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटनने कायदा केला की कंत्राटं संपतील तसतशा गाड्या सरकारी कंपनीकडे जातील. मुदत संपल्यावर घ्यायचं असल्यामुळे नुकसानभरपाई द्यावी लागत नाही, ही त्यातली हुशारी. त्या कायद्याखाली मे २०२५ मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वे ही कंपनी पहिली आली. स्कॉटलंड आणि वेल्सने आपल्या गाड्या त्याच्या आधीच घेतल्या होत्या. डबे मात्र अजून भाड्याचेच आहेत, आणि ते भाडं चालूच राहणार.

विरोधी बाजू पोकळ नाही. जपानने १९८७ मध्ये सरकारी रेल्वे मोडून कंपन्या केल्या आणि टोकियोकडच्या कंपन्या उत्तम चालतात, फक्त तिथे रूळ आणि गाड्या एकाच कंपनीकडे राहिले, स्टेशनावरच्या दुकानांचं उत्पन्नही तिलाच, आणि तोट्यातली होक्काइडोची कंपनी आजही सरकारच्याच मालकीची आहे. शिवाय सरकारी म्हणजे चांगली असं काही नसतं हे सकाळी कुर्ल्याला लोकलच्या दाराला लटकणाऱ्याला कुणी शिकवायला नको, मुंबईच्या रुळांवर वर्षाला दोन हजारांच्या वर माणसं मरतात ती सरकारी रेल्वेतच. सरकारने पैसाच घातला नाही तर मालकी कागदावर राहते. माझ्या मते फरक एवढाच की लोकलचा पास महाग झाला तर निवडणुकीत त्याचा जाब विचारता येतो, आणि म्हणूनच तो स्वस्त राहिलाय.

मुंबईत हा प्रश्न आज जिवंत आहे तो वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोमुळे. जून २०१४ मध्ये सुरू झालेल्या या साधारण ११ किलोमीटरच्या मार्गात खासगी कंपनीचे ७४ टक्के आणि राज्य सरकारच्या एमएमआरडीएचे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे) २६ टक्के. पहिल्याच वर्षी तिकिटाच्या दरावरून भांडण कोर्टात गेलं. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी हिस्सा सुमारे ४,००० कोटींना घ्यायला मंजुरी दिली आणि काही महिन्यांत माघारही घेतली. ब्रिटनसारखं मुदत संपायची वाट बघावी तर हा करारच ३५ वर्षांचा आहे, आणि आधी घ्यायचं तर किंमत किती आणि कर्ज कुणाच्या डोक्यावर इथे गाडं अडतं. तोवर घाटकोपरला मेट्रोतून उतरायचं आणि पूल ओलांडून त्या जुन्या जीआयपीच्या फलाटावर जायचं.