कश्काई गालिच्याचा लाल रंग मध्येच का बदलतो?

इराणी गालिच्यांविषयी एक गोष्ट हमखास ऐकवली जाते: परिपूर्ण फक्त ईश्वर, म्हणून विणकर मुद्दाम एक चूक सोडतो. पुरावा म्हणून गालिच्याच्या लाल पार्श्वभूमीतला आडवा पट्टा दाखवतात, जिथे डाळिंबी रंग अचानक विटकरी होतो. ऐकायला छान, विकायला त्याहून छान! फार्स प्रांतातल्या भटक्या कश्काई टोळ्यांतल्या बायका नक्षी बहुधा आठवणीतून विणत. चुका आपसूक होत, पेरायची गरज नव्हती. आणि हा पट्टा तर चूकही नव्हे. त्याला अब्राश म्हणतात, आणि त्याचं कारण रंगाच्या भांड्यात आहे.

हा लाल रुबिया टिंक्टोरम या वनस्पतीच्या मुळांतून येतो. आपली मंजिष्ठा हिचीच जवळची नातेवाईक. मुळांतलं मुख्य रंगद्रव्य अलिझरिन. नुसत्या अलिझरिनने लोकर नारिंगी-पिवळट होते आणि रंग नीट टिकत नाही. त्यासाठी तुरटी लागते. लोकरीतल्या केराटिन या प्रथिनावर कार्बॉक्सिल गट असतात, ते तुरटीतल्या ॲल्युमिनियमच्या आयनाला धरतात. दुसऱ्या बाजूने अलिझरिनचे शेजारशेजारचे दोन ऑक्सिजन त्याच आयनाला चिमट्यासारखे पकडतात. या बंधांमुळे रेणूतल्या इलेक्ट्रॉनांना उडी मारायला कमी ऊर्जा पुरते, शोषण निळ्या प्रकाशाकडून हिरव्याकडे सरकतं आणि उरलेला प्रकाश लाल दिसतो. ॲल्युमिनियमच्या जागी लोह आलं की हाच रंग जांभळट-तपकिरी होतो.

प्रमाण साधारण असं: १ किलो कोरड्या लोकरीला १५० ते २०० ग्रॅम तुरटी, उकळीच्या जरा खाली तासभर. मग ५०० ग्रॅम ते १ किलो मुळांची पूड, ६० ते ७० अंश सेल्सियसला. आच वाढली की मुळांतली तपकिरी द्रव्यंही उतरतात आणि लाल मळतो. लोकरीतली चरबी नीट धुतली नसेल तर तुरटी आत पोहोचत नाही. सैल कातलेला धागा जास्त रंग पितो. पाण्यात कॅल्शियम असेल तर लाल खुलतो. त्याच भांड्यात दुसरी लड बुडवली तर अलिझरिन संपत आलेलं असतं, ती फिकट निघते.

छोट्या भांड्यात थोडी थोडी लोकर रंगवली की प्रत्येक लड वेगळी होणारच. चार खुंट्यांवर जमिनीलगत ताणलेल्या मागावर गाठी ओळीने पडतात, म्हणून लड बदलली की रंगही आडवा बदलतो.

म्हणून गालिचा उलटून पाहावा. अस्सल अब्राशची कड गाठींच्या ओळीवर असते आणि मागूनही दिसते. फक्त पुढून फिकट असेल तर ते ऊन किंवा ब्लीच. लोकरीचे तंतू बाजूला सारून बुडाशी पाहावं: टोक राखाडी आणि बूड भडक किरमिजी असेल तर फुक्सिनसारख्या सुरुवातीच्या कृत्रिम रंगाचा दाट संशय घ्यावा, हे रंग १८५० च्या दशकाअखेर बाजारात आले. ‘नैसर्गिक म्हणजे पक्का’ हेही खरं नाही, हळदीचा रंग उन्हात किती टिकतो ते आपल्याला ठाऊक आहेच. काळ्या-तपकिरी रेषा खोल गेलेल्या दिसल्या तर लगेच कसरीला दोष देऊ नये. लोह आणि टॅनिन (वनस्पतींतलं तुरट द्रव्य) यांनी रंगवलेली लोकर काळाच्या ओघात ठिसूळ होऊन झडते, शेजारचा लाल मात्र उंच राहतो. आणि एकसारख्या अंतरावर, एकसारख्या रुंदीचे पट्टे दिसले तर ते बहुधा मागणीनुसार विणलेले असतात.